तुआतारा, नवीन, एक नग

संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या दालनात, एका काचपेटीत तुआताराची कवटी होती. चोपन्न वर्षं ती तिथे विनातक्रार पडून होती. मग एका मंगळवारी तिच्या डाव्या बाजूला बारीक भेग गेल्याचं झाडलोट करणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते भांडारपालाला सांगितलं, भांडारपालाने संचालकांना लेखी कळवलं, आणि संचालकांनी कवटी दुरुस्तीला काढून तिच्या जागी हुबेहूब प्रतिकृती बसवावी असा आदेश काढला. आदेशात काहीही चूक नव्हतं. पुढे जे झालं त्यातल्या कुठल्याही एका कागदात काहीही चूक नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

प्रतिकृतीचं काम ठसेकाराकडे आलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने देवमाशाच्या मणक्यापासून वटवाघळाच्या बोटापर्यंत काय काय प्लॅस्टरमध्ये उतरवलं होतं. पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. काम चांगलं उतरलं की ते माणसाने केलंय हे कुणाला कळत नसे, आणि वाईट उतरलं की दुसऱ्या दिवशी ते अडगळीत जाई. त्या धंद्यात नाव व्हायला काम मध्यम व्हावं लागतं, आणि ते त्याला कधी जमलं नाही.

तुआतारा म्हणजे दिसायला थोराड सरडा, पण त्याला सरडा म्हटलं की जाणकार दुखावतात. सरडे त्याच्या मानाने कालचे. याचं घराणं डायनासोरांच्या आधीपासूनचं. भाऊबंद केव्हाच नामशेष झाले, आणि हा एकटा दूरच्या समुद्रातल्या काही बेटांवर उरला. वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी, खालच्यात एक, आणि खालची ओळ वरच्या दोन्हींच्या मधोमध अशी बसते की धरलेलं सुटत नाही. डोक्याच्या माथ्यावरच्या हाडाला बारीक भोक असतं, ती तिसऱ्या डोळ्याची जागा. एवढा सगळा सरंजाम तळहातावर मावेल एवढ्या कवटीत.

जबडा नेमका कसा मिटतो ते पाहायला ठसेकार तीन शनिवार प्राणिबागेत जाऊन बसला. तिथे एक जिवंत तुआतारा होता. संबंध शहरात तेवढा एकच. त्याचा राखणदार म्हणजे ठसेकाराच्या बायकोचा थोरला भाऊ. मेहुणा मुळातच कमी बोलणारा, त्यात बावीस वर्षं या प्राण्याच्या सहवासात काढलेली. तो त्याला 'म्हातारा' म्हणे. म्हाताऱ्याची खोली बारा महिने सोळा अंशांवर ठेवलेली असे, कारण उकाडा त्याला सोसत नसे. मेहुणा भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून नोकरीवर जाई आणि शेजारीपाजारी त्याला विक्षिप्त समजत.

साडेतीन आठवड्यांनी कवटी तयार झाली. हाडाचा पिवळेपणा यावा म्हणून ठसेकाराने तिला चहाच्या पाण्याचे सात हात दिले होते. मेहुण्याने ती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, "हिला भूक लागेल असं वाटतं." एकतीस वर्षांत ठसेकाराच्या कामाची एवढी स्तुती कुणी केली नव्हती.

यानंतर कवटी नोंदीसाठी भांडारपालाकडे गेली. भांडारपालाच्या नोंदवहीत प्राण्याचं नाव, नवीन की जुना, किती नग, जिवंत की मृत असे रकाने होते. प्रतिकृती असा रकाना नव्हता. त्याने 'तुआतारा, नवीन, एक नग' असं लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं. मृत लिहावं तर मृत्यूचा दाखला जोडावा लागे, आणि जिवंत लिहायला मन धजेना. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच त्याने एक रकाना रिकामा सोडला. त्या नोंदवहीची प्रत दर तीन महिन्यांनी दुर्मिळ प्राणी कार्यालयाकडे जात असे. तिथे अशा रिकाम्या रकान्यांची वाटच पाहत असतात.

पंधरा दिवसांत संग्रहालयाला नोटीस आली. नवीन तुआतारा कोठून आणला, तो जिवंत आहे की मृत, याचा खुलासा संबंधित कर्मचाऱ्याने समक्ष येऊन करावा. संबंधित कर्मचारी म्हणजे ठसेकार. संचालकांनी त्याला बोलावून सांगितलं की दुर्मिळ प्राण्यांचा कायदा कडक आहे, तुरुंगाचीही तरतूद आहे, तेव्हा जे काय आहे ते स्वतःपुरतं निस्तरा आणि संस्थेचं नाव मध्ये आणू नका. ठसेकाराने कवटी जुन्या टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि तो निघाला.

कार्यालयातला निरीक्षक सभ्य आणि मृदू आवाजाचा होता. टेबलावर कागदांखेरीज काही नव्हतं, भिंतीवर एखाद्या प्राण्याचं चित्रसुद्धा नाही. ठसेकार टॉवेल सोडायला लागला तेव्हा त्याने हातानेच थांबवलं. वस्तू पाहणं हे दुसऱ्या विभागाचं काम होतं.

"मृत्यू कधी झाला?" त्याने विचारलं.

"मृत्यू झालाच नाही, साहेब."

"म्हणजे जिवंत आहे."

"जिवंतही नाही. मी केलीय ती. प्लॅस्टरची. नुसती कवटी आहे."

"प्राण्याचा किती भाग आहे हे कायदा विचारत नाही," निरीक्षक समजुतीने म्हणाला. "एक नख सापडलं तरी आम्ही एक प्राणी धरतो. नाहीतर लोक तुकड्यातुकड्याने अख्खी जंगलं नेतील. आणि तुम्ही केलीत म्हणता, म्हणजे ती तुमच्या देखरेखीखाली निर्माण झाली. त्याला बंदिस्त उत्पत्ती म्हणतात. तो गुन्हा नाही, उलट त्याला उत्तेजन आहे. त्याचा निळा अर्ज असतो."

निळ्या अर्जावर 'प्लॅस्टर' लिहायला जागा होती का, तर होती. 'माध्यम' या रकान्यात. ठसेकाराने तिथे स्पष्ट अक्षरांत 'प्लॅस्टर' लिहिलं आणि खाली सही केली. तुरुंगाऐवजी निळा कागद हातात घेऊन तो घरी आला आणि जेवून शांत झोपला. आपण कुठेही खोटं लिहिलं नाही, हे त्याने बायकोला दोनदा सांगितलं. बायको कोर्टात टंकलेखिका होती. अठ्ठावीस वर्षं तिने माणसांची खरी विधानं टाइप केली होती, आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. ती म्हणाली, "खोटं लिहिलं असतंत तर खोडता तरी आलं असतं."

वर्षअखेरीला दुर्मिळ प्राण्यांची गणना प्रसिद्ध झाली. गेली अकरा वर्षं त्या गणनेत प्रत्येक प्राण्यापुढे घट नाहीतर 'बदल नाही' एवढंच येत असे. या वर्षी मात्र एक ओळ वेगळी होती. तुआतारा, गतवर्षी एक, चालू वर्षी दोन. शंभर टक्के वाढ. सभागृहात टाळ्या वाजल्या, आणि मंत्र्यांनी ही वाढ कुणामुळे झाली अशी विचारणा केली. ही विचारणा वरून खाली येत येत संचालकांपर्यंत पोहोचली. दोन महिन्यांपूर्वी ज्या कवटीशी संस्थेचा संबंध नव्हता, ती आता संस्थेच्या दूरदृष्टीचं फळ ठरली.

ठसेकाराने संचालकांच्या खोलीत जाऊन पुन्हा एकदा सगळं सांगितलं. संचालकांनी मन लावून ऐकलं.

"कुणी खोटं बोललंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमच्या अर्जात प्लॅस्टर लिहिलंय?"

"हो."

"मग तुम्ही सरकारला अंधारात ठेवलेलं नाही. सरकारने वाचून मान्य केलंय. त्यांच्याहून आपल्याला जास्त कळतं असं म्हणणं उद्धटपणाचं होईल."

ठसेकाराने पुढे वाद घातला नाही, कारण त्याच दिवशी त्याच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं होतं. त्याला तुआतारा प्रजातीचा मानद प्रजनन अधिकारी करण्यात आलं होतं. दारावर पाटी लागली. पाटीवर एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव होतं. बायको ती पाटी पाहायला मुद्दाम संग्रहालयात आली आणि जिन्यातच बसून हसली. आपल्याला मूल नाही म्हणून नातेवाइकांनी वीस वर्षं टोमणे मारले, आता त्यांना ही पाटी दाखवू या, असं ती म्हणाली. तोही हसला. पण ती गेल्यावर त्याने पाटी रुमालाने पुसली.

पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट चोवीसने वाढ असं ठरलं. साचा तयारच होता. ठसेकार आठवड्याला एक कवटी काढू लागला. प्रत्येकीसाठी निळा अर्ज, 'माध्यम प्लॅस्टर', सही. नव्या पदाबरोबर एक निगा-तक्ताही आला होता, त्यात तापमान, आर्द्रता, खाद्य असे प्रश्न होते. तापमान किती लिहावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने मेहुण्याला विचारून सोळा अंश लिहिलं. महिन्याभरात संग्रहालयाच्या तळमजल्यावरचं मोठं दालन रिकामं करून तिथे थंड हवेची यंत्रणा बसली आणि कवट्या रात्रंदिवस सोळा अंशांवर राहू लागल्या. खाद्याच्या रकान्यात त्याने रेघ ओढली होती. त्यावर 'प्रजाती काटक असून अल्प आहारावर वाढते' असा अनुकूल शेरा आला.

नववी कवटी साच्यातून काढताना तिचा खालचा जबडा तुटला. ती फेकून देऊन त्याने दुसरी ओतली असती, पण तिचा निळा अर्ज आधीच गेला होता. त्यामुळे पिल्लू दगावल्याची नोंद करावी लागली. नोंद झाल्यावर पशुवैद्य आला. त्याने तुकडे तपासले, पोटात काही आढळलं नाही असं लिहिलं आणि इतर पिल्लांपासून अंतर ठेवण्याचा सल्ला दिला. मग कवट्यांमध्ये दोन-दोन हात अंतर ठेवण्यात आलं. ठसेकाराने हे सगळं पाहिलं आणि त्याला हसूही आलं नाही. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मानाची सगळ्यात लवकर होते.

उद्दिष्ट मुदतीच्या आधीच पूर्ण झालं. दालनात पंचवीस, प्राणिबागेत एक. एकूण तुआतारा सव्वीस.

दुर्मिळ प्राण्यांच्या नियमावलीत एक जुनं कलम होतं, ज्याची आजवर कधी गरजच पडली नव्हती. एखाद्या प्रजातीची संख्या पंचवीसच्या वर गेली की ती दुर्मिळ राहत नाही. या कलमानुसार तुआतारा यादीतून सन्मानपूर्वक वगळण्यात आला. समारंभ झाला, दालनाचं मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि ठसेकाराला प्रशस्तिपत्र मिळालं. छायाचित्रात तो मंत्र्यांच्या डावीकडे उभा आहे, हातात कवटी धरून.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मेहुणा बहिणीकडे आला. तो आला की नेहमी आधी पाणी पीत असे. त्या दिवशी भांडं तसंच राहिलं. त्याने खिशातून एक कागद काढून ठसेकारापुढे ठेवला. प्राणिबागेचं पत्र होतं. वातानुकूलित खोली फक्त दुर्मिळ प्राण्यांसाठी असल्याने, व तुआतारा आता दुर्मिळ नसल्याने, खोली पंधरा दिवसांत रिकामी करावी आणि प्राणी सामान्य सरपटणाऱ्या प्राण्यांच्या उघड्या खड्ड्यात हलवावा. तो खड्डा मगरींच्या शेजारी होता. उन्हाळा तोंडावर आला होता.

"किती दिवस काढेल तिथे?" ठसेकाराने विचारलं.

"दोन," मेहुणा म्हणाला. मग पाण्याचं भांडं बाजूला सारत म्हणाला, "दाजी, तुमच्यावर राग नाही. पण तुमच्या पंचवीस जणांनी माझा एक खाल्ला."

ठसेकाराने पत्र पुन्हा एकदा वाचलं. त्याला मंत्र्यांच्या शेजारचं छायाचित्र आठवलं, रुमालाने पुसलेली पाटी आठवली. करायला गेलो एक असं म्हणायचीही सोय नव्हती. पहिली कवटी सोडली तर बाकीच्या चोवीस त्याने डोळे उघडे ठेवून केल्या होत्या.

सोमवारी दहाच्या ठोक्याला तो दुर्मिळ प्राणी कार्यालयात होता. त्याने निरीक्षकाला सांगितलं की दालनातले पंचवीसच्या पंचवीस प्लॅस्टरचे आहेत, तेव्हा तुआतारा पुन्हा यादीत घ्यावा. निरीक्षकाने शांतपणे पंचवीस निळे अर्ज काढून दाखवले. माध्यम प्लॅस्टर, हे कार्यालयाला माहीतच होतं. यात नवीन काय?

"नवीन असं की प्राणिबागेतला एकच खरा आहे," ठसेकार म्हणाला. "हाडामांसाचा. तो मरेल."

निरीक्षकाने प्राणिबागेतल्या तुआताराची नस्ती मागवली. ती आली, पण तिच्यात कागद नव्हते, वाळवी होती. म्हाताऱ्याचा जन्माचा दाखला नव्हता, कुठून आला त्याचं पत्र नव्हतं, निळा अर्ज तर नव्हताच, कारण त्या काळी अर्ज पांढरे असत. निरीक्षकाचा चेहरा प्रथमच गंभीर झाला.

"तुमच्या पंचविसांचे कागद चोख आहेत," तो म्हणाला. "हा सव्विसावाच संशयास्पद आहे."

तरीही त्याने मदत करायची तयारी दाखवली. ठसेकाराने लेखी तक्रार द्यावी, चौकशी समिती नेमली जाईल, ती साधारण दोन वर्षांत अहवाल देईल. तोवर खोली रिकामी करण्याचा आदेश लागू राहील. आणि जाता जाता, सल्ला म्हणून, त्याने एवढंच सुचवलं की अशा चौकशीत पहिला जबाब प्रजनन अधिकाऱ्याचाच घेतात.

ठसेकार तिथून संचालकांकडे गेला. संचालक परदेशात होते, तुआताराच्या यशावर बोलायला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायकोने त्याची समजूत काढली नाही. तिने नियमावली मागवून घेतली, चष्मा लावला आणि दोन संध्याकाळी ती वाचत बसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती वाचणारी ती बहुधा पहिलीच व्यक्ती असावी. बुधवारी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं की दालनातली थंड हवा बंद होणार का. तो म्हणाला, नाही. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या दालनाची व्यवस्था बदलता येत नाही, असं परिपत्रक आहे.

"मग म्हाताऱ्याला तिथेच नेऊन ठेवा."

"जिवंत प्राणी संग्रहालयात ठेवता येत नाही."

"जिवंत म्हणून कोण नेतंय? प्रतिकृती म्हणून न्या."

त्याने सांगितलं की प्रतिकृती असा रकानाच नाही, तिथूनच तर हे सगळं सुरू झालं. ती म्हणाली, तो रकाना फक्त दुर्मिळ प्राण्यांच्या वहीत नाही, सामान्यांच्या वहीत आहे. तिने पान काढून दाखवलं. दुर्मिळ प्राण्याचा नखाएवढा भागही प्राणीच धरला जातो, पण सामान्य प्राण्याची प्रतिकृती ही प्रतिकृतीच असते, आणि तिला एकपानी साधा अर्ज पुरतो. "तुम्हीच त्याला सामान्य केलंत ना," ती म्हणाली, "मग आता त्याचा उपयोग करा."

अर्ज तिनेच टाइप केला. 'तुआतारा, पूर्णाकृती प्रतिकृती, कातड्यासह, एक नग.' माध्यमाच्या रकान्यात काय लिहावं यावर नवराबायकोंचं तासभर बोलणं झालं. ठसेकाराला आता खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर अर्ज अडकेल अशी भीती होती. शेवटी बायकोने 'नैसर्गिक साहित्य' असं लिहिलं. अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. तुआताराच्या संबंध प्रकरणात इतक्या लवकर मंजूर झालेला दुसरा कागद नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी मेहुण्याने म्हाताऱ्याला ओल्या गोणपाटात घेऊन, बर्फाच्या पेटीशेजारी ठेवून, टेम्पोतून आणलं. प्राणिबागेच्या वहीत त्याने 'सामान्य विभागाकडे वर्ग' अशी नोंद केली होती. तिथे कुणी विचारायची भीती नव्हती, कारण सामान्य विभागात प्राणी मोजत नाहीत. त्याच दिवशी मेहुण्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला आणि आठवड्याने तो तुआतारा दालनात कंत्राटी झाडूवाला म्हणून लागला. हुद्द्याने राखणदार असलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर केर काढायला लागला, म्हणून घरच्यांनी त्याला नावं ठेवली. त्याने स्वेटर चढवला आणि कामाला लागला. दालन उघडण्याआधी अर्धा तास त्याला म्हाताऱ्याला किडे भरवायला मिळत असे, तेवढं त्याला पुरे होतं.

फक्त एक पायरी उरली होती. प्रत्येक नव्या प्रतिकृतीची गुणवत्ता तपासणी होत असे. ती करायला तोच निरीक्षक आला, कारण गेल्याच आठवड्यात त्याची वस्तू पाहणाऱ्या विभागात बदली झाली होती. हातात शंभर गुणांचा तक्ता होता. प्रमाणबद्धता, रंग, पोत, जिवंतपणा, प्रत्येकी पंचवीस.

म्हातारा काचेच्या पेटीत दोन दगडांमध्ये बसला होता. निरीक्षक वाकला. त्याने टॉर्च मारून डोळे पाहिले. म्हाताऱ्याने पापणी हलवली नाही. हा प्राणी मनात आणलं तर तासभर श्वासही घेत नाही, हे मेहुण्याने सांगितलेलं होतं, पण ठसेकाराला घाम फुटला, सोळा अंशांत. निरीक्षकाने झाकण सरकवून पेनाच्या टोकाने पाठीवरचे काटे मोजले, शेपटी किंचित उचलून सोडली. शेपटी जशी सोडली तशी पडली. दाराशी मेहुणा केर काढत होता, पण बराच वेळ झाडू एकाच फरशीवरून फिरत होता.

निरीक्षकाने सावकाश गुण भरले. मग तो पंचवीस कवट्यांसमोरून एक चक्कर मारून आला, पुन्हा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मेहनत घेतलीय," तो ठसेकाराला म्हणाला. "पण राग मानू नका, तुमचा हात कवटीला चांगला आहे. त्यांच्यात जी जान आहे ती यात उतरली नाही. डोळा मेलेला वाटतो."

जिवंतपणात पंचविसांपैकी सात. एकूण शंभरपैकी एकसष्ट. दुय्यम दर्जा, कोपऱ्यात मांडण्यास हरकत नाही.

म्हातारा वाचला होता. ठसेकाराच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि ते नंतर आलंही. पण निरीक्षक दाराबाहेर पडत होता तेव्हा क्षणभर त्याला नुसता रागच आला. सात गुण. एवढ्या कारागिरीला.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. ठसेकार निवृत्त झाला, पण रविवारी तो बायकोबरोबर दालनात येऊन बसतो. गर्दी दांडगी असते. लोक कवट्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेतात. कोपऱ्यातल्या पेटीवर 'प्रतिकृती, दुय्यम दर्जा' अशी पाटी आहे, तिच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही.

मागच्या रविवारी दालनात शे-दीडशे माणसं होती. पावणेबाराच्या सुमाराला म्हातारा उठला. सकाळी मेहुण्याच्या हातून एक रातकिडा निसटला होता, तो दगडाखालून बाहेर आला. म्हातारा चार पावलं चालला, थांबला, मान वळवली, आणि झडप घालून त्याने रातकिडा धरला. कडकन आवाज झाला. तो आवाज बाकावर बसलेल्या ठसेकारालाही ऐकू आला. आता कुणीतरी ओरडणार, निरीक्षक येणार, चौकशी होणार, म्हातारा खड्ड्यात जाणार. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. मेहुणा झाडू टेकवून उभा राहिला.

कुणी ओरडलं नाही. पेटीपुढे त्या वेळी पाचसहा जण होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांच्यातल्या एकाने पुढे वाकून पाटी नीट वाचली. मग सरळ होऊन तो शेजारच्यांना म्हणाला, "बॅटरीवर आहे." सगळ्यांचं समाधान झालं आणि ते कवट्यांकडे वळले.

बाहेर पडताना त्या व्यक्तीने दाराशी ठेवलेल्या अभिप्रायांच्या वहीत चार ओळी लिहिल्या. दालन अत्यंत माहितीपूर्ण. कवट्या जिवंत वाटतात. कोपऱ्यातील यंत्र मात्र संथ असून दातांचा आवाज कृत्रिम आहे, तरी ते बदलावे.

दालन बंद झाल्यावर ठसेकाराच्या बायकोने ती वही उजेडाला धरून पाहिली. कुणी लिहिलं असेल, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की सही लागत नाही. अक्षर मात्र वळणदार आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, विरामचिन्हं जिथल्या तिथे. नेहमी वाचणाऱ्या माणसाचं असतं तसं. ही गोष्ट इथवर वाचत आलेल्या तुमच्यासारख्याचं.